बावन्न बाटल्या

तपासनीस साडेअकराला येणार होते आणि फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या सहा बाटल्या कमी होत्या.

नोंदवहीत बावन्न, फ्रिजमध्ये शेहेचाळीस. चावीताईनं काल संध्याकाळी तीनदा मोजल्या. मोजून बाटल्या वाढत नाहीत हे तिला ठाऊक होतं. तरी सकाळी आल्या आल्या चौथ्यांदा मोजायला हात शिवशिवलेच.

कमरेला जुडगा खोचून ती बावीस वर्षं या हॉस्पिटलचं औषधभांडार सांभाळत होती, म्हणून सगळे तिला चावीताई म्हणायचे. तिच्या हातून कधी कापसाचा बोळा इकडचा तिकडे झाला नव्हता. या सहा बाटल्या सोडून. त्या तिनंच नेल्या होत्या, महिन्याला एक, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत बर्फ घालून. दादासाठी.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, फ्रिज दुरुस्त करणारा. आईवडील गेले तेव्हा त्यानं शाळा सोडून हातात पाना घेतला आणि हिला शिकवलं. गेल्या वर्षी त्याची साखर गोळ्यांना जुमानेना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. तो औषधाच्या दुकानात गेला, किंमत ऐकली आणि हात हलवत परत आला.

"एवढ्या पैशात जुना फ्रिज येतो," म्हणाला आणि स्वतःच हसला.

मग तिनं पहिली बाटली नेऊन दिली. "कंपनीवाले डॉक्टरांना नमुने देतात. पडून असतात नुसते."

दादानं बाटली उलटीपालटी करून पाहिली. "तुला काही त्रास नाही ना यात?"

"मला कसला त्रास?"

त्यानं ती मुकाट्यानं ठेवून घेतली. पुढच्या पाचही तशाच.

आजची तपासणी नेहमीची असती तर तिनं निमूटपणे नोकरी सोडली असती. पण इन्सुलिन स्वस्त मिळावं म्हणून रुग्णांच्या समितीनं दोन वर्षं अर्ज केले होते, फाटकासमोर ठाण मांडलं होतं. दादाही त्यात होता. ज्या घरी दुरुस्तीला जाई, तिथे आधी सही घेई, मग फ्रिज उघडी. शेवटी आरोग्य खातं नमलं. या हॉस्पिटलातून पाव किमतीत बाटल्या मिळणार होत्या. अट एकच: साठा नोंदीशी जुळला पाहिजे. एक बाटली जरी कमी भरली, तरी हॉस्पिटल यादीतून बाद. बाहेर चारशे माणसं आशेवर होती, आणि त्यांच्या पानात तिनंच माती कालवली होती.

सहा बाटल्या विकत आणून ठेवाव्यात, हेही मनात येऊन गेलं. पण नोंदवहीत लॉट नंबर होते. ते कुठून आणणार?

साडेनऊला दादा आला. फ्रिज ठीक असल्याचा मेकॅनिकचा दाखला तपासणीला लागत होता. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचं बोलावणं आलं, म्हणून किल्ल्या त्याच्या हातात देऊन ती गेली. परतली तेव्हा तो फ्रिजच्या मागचा पत्रा पुन्हा आवळत होता. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

"दादा, जेवतोस ना रे?"

"वजन उतरलं की साखर उतरते म्हणतात." तिच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या त्यानं घटाघटा रिकामा केला.

"आणि इंजेक्शन?"

"तुझ्यासारखी मास्तरीण डोक्यावर बसलीय, चुकवीन कसं?"

त्याला सगळं सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. पण "आज काही खरं नाही माझं," एवढंच ती म्हणाली.

"काही होत नाही. थंडी अगदी बरोबर आहे. तू फक्त दार उघड आणि बाजूला उभी राहा." हत्यारांची पिशवी उचलताना त्यानं क्षणभर भिंतीला हात टेकला. "म्हातारा झालो बघ," म्हणत निघून गेला.

पुन्हा मोजायचं धाडस तिला झालं नाही. येरझारा घालून घालून तिचे पाय दुखायला लागले.

तपासनीस ठरल्या वेळेला आले. काटकुळे, कानावर पेन्सिल. मागे मोठे डॉक्टर, आणि बाहेर बोळात माना उंचावून उभे असलेले समितीचे लोक.

"किल्ल्या तुमच्याकडेच असतात का?"

"बावीस वर्षं."

"म्हणजे चूक निघाली तर तुमचीच."

"माझीच. साहेब, मोजायच्या आधी मला एक सांगायचंय."

"मोजून झाल्यावर सांगा हो. मध्ये बोललं की माझा आकडा चुकतो."

पेन्सिलीचं टोक बाटलीवरून बाटलीवर टेकत चाललं. चाळीस. पंचेचाळीस. शेहेचाळीस. चावीताईनं डोळे मिटले.

"सत्तेचाळीस," तपासनीस म्हणाले. "अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास..."

तिनं डोळे उघडले.

"बावन्न. लॉट नंबरही जुळतात." त्यांनी कागदावर सही ठोकली. बोळात टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी रडत होतं, कुणीतरी दादाला हाका मारत होतं. "हं, काय सांगायचं होतं तुम्हाला?"

तिला ते ऐकूच आलं नाही. मागच्या रांगेत, काल रिकाम्या असलेल्या जागी, गेल्या सहा महिन्यांचे सहा लॉट ओळीनं उभे होते. तिनं एकेक बाटली उचलली आणि उजेडाकडे धरली.

सहाही बाटल्यांची टोपणं जशीच्या तशी होती. एकीलाही सुई लागलेली नव्हती.