साडेबाराचा गजर

घाटावर सगळे कावळ्याची वाट बघत गप्प उभे होते, तेवढ्यात माझ्या पिशवीत यांच्या मोबाइलचा गजर वाजला. साडेबारा. अकरा वर्षं हा गजर वाजला की हे माझ्यापुढे इन्सुलिनचं इंजेक्शन धरायचे आणि मी जेवायला बसेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

आज यांचा दहावा. तास होऊन गेला तरी पिंडाला कावळा शिवत नव्हता. धाकटे दीर हात जोडून मोठ्याने म्हणाले, "दादा, वहिनीची काळजी करू नकोस. आम्ही सांभाळू तिला!" झाडावरचा एकही कावळा हलला नाही.

मी पायरीवर बसले, पोटात सुई टोचून घेतली आणि डबा उघडला. नणंदेने माझं मनगटच धरलं.

"वहिनी, लोक बघतायत! कावळा शिवायच्या आधी कोणी खातं का? एक दिवस उशीर झाला म्हणून काय होतं?"

"काय होतं ते तुझ्या दादाला विचार. मी चक्कर येऊन पडले, तर उचलायला आता ते नाहीत. सोड हात."

तिने सोडला. मी पिंडाकडे बघून म्हटलं, "ऐकलंत ना? सुई घेतली. आता जेवतेय. उद्याही साडेबारालाच जेवेन. मला कोणी सांभाळायला नको."

आणि भाकरी मोडली.

दोन घास झाले असतील, एकच गलका उठला, "शिवला! शिवला!"

मी मान वर केली नाही. डब्यात अजून अर्धी भाकरी होती.