लदेणीच्या लेखाला एक तारा

“तो तारा तुमचाच,” बबिता म्हणाली.

फुलचंदने ज्वारीचा डबा चक्कीच्या ओट्यावर ठेवला. पट्ट्याच्या आवाजात त्याला काहीच ऐकू आलं नाही. चक्कीवाल्याने चक्की बंद केली. असं भांडण आवाजात वाया जाऊ द्यायला तो तयार नव्हता.

“कोणता तारा, वहिनी?”

“माह्या लेखाले साऱ्यायनं पाच-पाच तारे देल्ले. एकानंच एक देल्ला. माहा लेख मागं पडला तर मेळाव्यात कोणाचा वाचतील? तुमचा!”

‘आपला तांडा’ ही वेबसाइट बबिताचा चुलतदीर भारत पुसदला बसून चालवत असे. तांड्यातलेच लोक लिहीत, तांड्यातलेच वाचत. प्रत्येक लेखाखाली पाच तारे होते. ज्या लेखाची सरासरी सगळ्यांत वर, तो लिहिणाऱ्याने पुसदच्या मेळाव्यात माइकवर वाचायचा, असं ठरलं होतं. पण तारे दाबायला कोणी तयार होईना. म्हणून भारतने ते काम बबितावर सोपवलं आणि ती महिनाभर घरोघर फिरली. “वाचलं, आवडलं, तुले तोंडानं सांगितलं, आता त्या फोनले कायले सांगू?” असं लोक विचारत. एका म्हातारीने लेख न वाचताच पाच तारे दिले, कारण लिहिणाऱ्याची आई तिच्या माहेरची होती. श्रावणकाकांनी तीन दाबले आणि उरलेले दोन पुढच्या लेखासाठी राखून ठेवले.

शेवटी बबिताने स्वतःच एक लेख लिहिला. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडायचं, त्या जुन्या लदेणीची गोष्ट. सासूने सांगितलेली. तांड्यात आजवर तिला ‘बबलूची बायको’ याखेरीज दुसरं नाव नव्हतं. पुसदला माइकवर तिचं नाव पुकारलं जाणार होतं. आता त्या एका ताऱ्याने ती दुसऱ्या नंबरावर गेली होती. पहिल्यावर फुलचंदचा ‘रानडुकरापासून सोयाबीन कसं वाचवावं’ हा लेख होता. त्याला बबिताच्या लेखाच्या निम्म्याही लोकांनी तारे दिले नव्हते, पण दिले ते एकूणएक पाच.

फुलचंदने खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. “हे पाहा. तुमच्या लेखाले माहे पाच.”

होते. बबिता वरमली. तेवढ्यात त्याचा अंगठा घसरला आणि खालचा लेख दिसला. रानडुकराचा. त्यालाही फुलचंदने पाच दिले होते.

“आपल्याच लेखाले?”

“मले खरंच आवडला,” फुलचंद गंभीरपणे म्हणाला.

चक्की पुन्हा सुरू झाली.

बबिता घरी आली तेव्हा सासू धुरपताबाई, जिला ती ‘याडी’ म्हणजे आई म्हणे, ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. फोन वाजला. भारत होता.

“वहिनी, अजून अर्धा तास हाय, पाच वाजता यादी बंद होते. कोण्या जळकुकड्यानं तारा देल्ला असन तर नाव सांगा. द्वेषानं देल्लेला तारा मले काढता येते. तेवढा काढला का तुम्ही वर.”

“सापडलाच नाही रे कोणी.”

“काय सापडलं नाही?” धुरपताबाईने विचारलं.

“माह्या लेखाले एक तारा देणारा.”

“तो तं म्या देल्ला.”

बबिताचा फोन कानापासून खाली आला. “याडी, तुम्ही? तुमचीच गोष्ट ना ते! आवडली नाही काय तुम्हाले?”

“नाही कायले आवडन? बबलूकडून तीनदा वाचून घेतली. तिसऱ्या खेपेले रडली बी.”

“मंग एकच तारा काहून?”

धुरपताबाईने मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या. सुनेला एवढीशी गोष्ट समजू नये, याचंच तिला नवल वाटलं.

“सारा तांडा पाच-पाच दाबून राह्यला. जो उठते तो चांगलं म्हणते. नजर नाही लागणार? तान्ह्या लेकराच्या गालाले आपण काळं बोट लावतो का नाही? तुही माय इथं असती तं तिनं लावलं असतं. ते राह्यली दूर. मंग म्या लावलं.”

 बबिताच्या हातातल्या फोनमधून भारतचा बारीक आवाज येत होता. तिने फोन कानाला लावला.

“ऐकलं मी सारं,” तो म्हणाला. “आता सांगा, काढू का?”

“नियम काय म्हणते?”

“द्वेषाचा असन तर काढायचा.”

“हा मायेचा हाय.”

“मायेसाठी नियमच केला नाही आपण.” भारत जरा घुटमळला. “पाहा वहिनी. राहू देल्ला तर फुलचंदभाऊच वर राह्यते. त्यायले देणारे थोडे, असा एक जरी तारा पडता तर ते तुमच्या खाली असते.”

बबिताने सासूकडे पाहिलं. म्हातारी पुन्हा शेंगा सोलायला लागली होती. आपण कोणाचं काही बिघडवलं असेल, अशी शंकासुद्धा तिच्या तोंडावर नव्हती.

“राहू दे,” बबिता म्हणाली. तिने फोन ठेवला.

“काय म्हणे तो?” धुरपताबाईने विचारलं.

“फुलचंदभाऊचा लेख पहिला आला, याडी. त्याले साऱ्यायनं पाच देल्ले.”

“साऱ्यायनं?”

“एकूणएक.”

धुरपताबाईचे हात थांबले. पन्नाशीच्या फुलचंदसाठी तिचा जीव कळवळला.

“अन् एकानंही काळं बोट लावलं नाही? बिनमायचं लेकरू ते,” ती म्हणाली. “आण इकडं फोन.”