दुहेरी सील

"ऐक, लतिकाला घे आणि आत्ताच्या आत्ता मयूर विहारला ताईकडे जा," शशिकांत फोनवर दबक्या आवाजात म्हणाला. "कपडे भरत बसू नकोस. आणि कॉलनीत कुणाशी काही बोलू नकोस."

पलीकडे त्याची बायको उल्का होती. "अच्छा" एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

शशिकांत फरीदाबादच्या एका रसायन कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर होता. कारखान्याच्या भिंतीला लागूनच कॉलनी होती. कामगारांच्या खोल्या, पुढे स्टाफची क्वार्टर्स, त्यातल्या एकात तो, उल्का आणि त्यांची मुलगी लतिका राहत. भोपाळ होऊन दोनच वर्षं झाली होती. तेव्हापासून कुठे जरा उग्र वास आला तरी कॉलनीतल्या बायका मुलांना घरात ओढून खिडक्या लावून घेत.

त्या सकाळी वास कसलाच नव्हता. फक्त अमोनियाच्या पंपाशेजारच्या भांड्यातलं तेल उतरत होतं.

पाण्याचा पंप गळतो तेव्हा ते दिसतं. त्याच्या दांड्याभोवती दोरीची वेटोळी असतात, त्यांतून थेंब ठिबकतो, नट आवळला की थांबतो. अमोनियाला तेवढा थेंबही चालत नाही. तिथे दांड्याबरोबर फिरणारी एक चकती आणि जागच्या जागी बसवलेली दुसरी, दोन्ही आरशासारख्या घासलेल्या, स्प्रिंगच्या जोरावर एकमेकींना चिकटून राहतात. या पंपाला अशा दोन जोड्या, म्हणजे दुहेरी सील होतं, एकीमागे एक. मधल्या जागेत तेल, अमोनियापेक्षा जास्त दाबाचं. आतली जोडी बिघडली तर तेल आत शिरतं, अमोनिया बाहेर येत नाही. जोवर तेल आहे तोवर.

पंपाखालची फरशी कोरडी होती. तेल बाहेर सांडत नव्हतं. म्हणजे ते आत जात होतं.

घरी फोन करून झाल्यावर शशिकांत फॅक्टरी मॅनेजर सहगल यांच्या केबिनमध्ये गेला.

"बाहर एक बूंद भी गिरी है?" सहगलनी विचारलं.

"नहीं सर. वही तो डर है. पंप बंद करके सील खोलना पड़ेगा."

"बैच आधे में है. तेल डालते रहो, कल संडे को खोल लेना."

"सर, अंदर का सील पूरा गया तो..."

"गया है क्या? पक्का बोल सकते हो?"

पक्कं त्याला सांगता येईना. सील उघडून पाहिल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही. आणि बॅच वाया गेली, सील धडधाकट निघालं, तर पुढे नोकरीचं काय होईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "जी सर," म्हणून तो बाहेर आला.

पंपाजवळ रामधारी उभा होता. पंप चालवण्याचं काम त्याचं. त्याची बायको आणि तीन मुलं भिंतीपलीकडच्या पहिल्याच खोलीत राहत.

"साहब, सब ठीक है ना?"

"बिल्कुल ठीक है," शशिकांत म्हणाला.

तो हातपंपाने भांड्यात तेल भरू लागला. भांड्याची पातळी दाखवणारी काच भरली. तो बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तेलाची रेघ खाली सरकू लागली. सकाळी ती सरकताना दिसत नव्हती. त्याने पुन्हा भरलं. ती पुन्हा उतरली, या वेळी भराभर. तो हातपंप मारत राहिला. पंपाचा आवाज मात्र रोजच्यासारखा एकसुरी होता. एव्हाना उल्का आणि लतिकाची बस बदरपूरच्या पुढे, दिल्लीत गेली असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. तेवढ्यानेच त्याला उभं राहता येत होतं.

तेवढ्यात गेटवरचा चौकीदार धावत आला.

"साहब, आपकी मेमसाब घर-घर जाकर कॉलनी खाली करवा रही हैं! औरतें-बच्चे सब नहर की तरफ़ जा रहे हैं!"

रामधारीने भिंतीकडे पाहिलं. मग शशिकांतकडे.  

शशिकांतने हातपंप सोडला आणि लाल बटण दाबलं. पंप घरघरत थांबला. दोघांनी मिळून दोन्हीकडचे व्हॉल्व्ह आवळले. सहगल ओरडत आले तेव्हा तो पाइपातला उरलेला अमोनिया पाण्याच्या टाकीत विरघळायला सोडत होता. त्याने मान वर करून पाहिलं नाही.

दुपारी सील उघडलं. आतली कार्बनची चकती दुभंगली होती. बाहेरच्या चकतीवरही काठापर्यंत गेलेली बारीक चीर होती. सहगलनी ती हातात घेऊन चिरेवरून नख फिरवलं. मग त्यांनी ती खाली ठेवली.

शशिकांत कालव्याकडे चालत गेला. बांधावर सगळी कॉलनी बसली होती. कुणी चूल तशीच सोडून आलं होतं, कुणी म्हातारीला खाटेसकट उचलून आणलं होतं. रामधारीचं धाकटं पोर उल्काच्या मांडीवर झोपलं होतं. लतिका तिला टेकून बसली होती.

"संकट टळलं," शशिकांत म्हणाला.  तो खाली बसला. "पण तू का थांबलीस? काही झालं असतं म्हणजे? मी सांगणारच होतो गं सगळ्यांना."

उल्काने झोपलेल्या पोराच्या तोंडावर पदर ओढला.

"नव्हता सांगणार तुम्ही," ती म्हणाली. "म्हणून तर थांबले."