बोझेना आजींचं मत

“पडदा कुठाय?” बोझेना आजींनी विचारलं.

एमिल आणि इर्मा हे निवडणुकीचे दोघं कर्मचारी फिरती मतपेटी घेऊन, गुडघाभर बर्फ तुडवत टेकडीवरच्या त्या घरी आले होते. अर्धांगवायूनं आजींना खुर्चीतून उठता येत नव्हतं. चेक देशाचा राष्ट्राध्यक्ष आजवर खासदारच निवडायचे. यंदा पहिल्यांदा लोक निवडणार होते, म्हणून आजींनी निरोप धाडून पेटी मागवली होती.

घरोघरी पडदा नेत नाहीत, आम्ही पाठ करून उभे राहू, असं इर्मानं समजावलं. मुलगा ओता मात्र मतचिठ्ठी घालायचं पाकीट उघडून तयारच होता. आईचा उजवा हात लुळा, तेव्हा चिठ्ठी आपण घालून देऊ, कायद्यात बसतं, असं त्याचं म्हणणं. कोणत्या उमेदवाराची चिठ्ठी, हेही त्यानं ठरवलं होतं.

आजींनी डाव्या हातानं पाकीट काढून घेतलं.

“कम्युनिस्टांच्या काळीही पडदा असायचा, कोपऱ्यात. पण मागे जाणाऱ्याचं नाव टिपून घ्यायचे. मी कधी गेले नाही, घाबरायचे. आज जाणार. तुम्ही सगळे बाहेर व्हा.”

“आई, बाहेर किती थंडी आहे!”

“मग टोपी घाल.”

तिघं अंगणात पाय आपटत उभे राहिले. आत काहीतरी धाडकन पडलं. ओता धावला, तशी इर्मा दारात आडवी आली. हाक मारली तरच जायचं, म्हणाली. हाक आली नाही.

बऱ्याच वेळानं “या” असं ऐकू आलं. खुर्चीला टेकवलेली काठी जमिनीवर पडली होती. आजींच्या कपाळावर घाम होता आणि पाकिटाच्या कडेवर दातांचे व्रण. एमिलनं पेटी त्यांच्या मांडीवर धरली. पाकीट त्यांनीच आत ढकललं.

पेटी गेल्यावर ओतानं टेबल धुंडाळलं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी चिठ्ठी घरी आली होती; उरलेल्या पाहिल्या की आईनं कोणाची वापरली ते कळलं असतं. एकही सापडेना.

आजींनी खुर्चीशेजारच्या लाकडाच्या शेगडीकडे मानेनं खूण केली. ओतानं तिचं दार उघडलं. आत कागदांची काळी राख होती. एक ओंडका आत सारून त्यानं आईच्या पायांवरची शाल नीट केली.

“मतदानाच्या दुसऱ्या फेरीलाही पेटी बोलाव,” आजी म्हणाल्या. “आणि तेव्हा जाड कोट घाल.”