एकेचाळीस खोटे रुग्ण

दुपारी शालनताई नातीच्या झबल्याला काज करत बसल्या होत्या, आणि अचानक त्यांच्या हातातली सुई थरथरू लागली.

"अहो, हे बघा! हात पुन्हा लटलटायला लागले."

डॉ. यशवंत बागवे दारातच थिजले. बायकोच्या मेंदूत बसवलेली चिप गेली तीन वर्षं तिचा कंपवात आवरून धरत होती. ज्या शोधनिबंधाच्या आधारावर ती चालायची, तो निबंध आज मासिकाने मागे घेतला होता. निबंध मागे घेतला की त्यावरचा उपचार देशभर त्याच क्षणी बंद पडे. तसा कायदाच होता.

"कुणीतरी खोट काढली असेल त्यात," शालनताई कळवळून म्हणाल्या. "वाटोळं होवो मेल्याचं!"

"मीच काढली," डॉक्टर म्हणाले. "निबंध फेरतपासणीला माझ्याकडेच आला होता. त्यातल्या साठ रुग्णांपैकी एकेचाळीस जन्मालाच आले नव्हते, शालन."

"तपासायला नाही म्हणता आलं नसतं तुम्हाला?"

"आलं असतं. घरातच रुग्ण असेल तर नाही म्हणायलाच हवं, असा नियम आहे. पण मग दुसऱ्या कुणी डोळे झाकून सही केली असती."

शालनताईंनी झबलं बाजूला ठेवलं.

"ते एकेचाळीस खोटे होते, कबूल. पण मी तर खरी होते ना?"

संध्याकाळी डॉक्टरांनी ताटातला पहिला घास कालवून पुढे केला, तेव्हा शालनताईंनी तोंड फिरवलं आणि भरवायला शेजारच्या मंदाला बोलवायला सांगितलं.