प्रुइटसाहेबांची मागणी

व्हर्डेलने भरवलेला लापशीचा घास गोऱ्या प्रुइट म्हाताऱ्याने तिच्याच अंगावर थुंकला.

"काळ्यांचे हात नकोत मला!" आमच्या अख्ख्या वृद्धाश्रमाला ऐकू जाईल असं तो ओरडला. "त्या कोंबड्या कापायच्या कारखान्यात भरलेत ना स्पॅनिश बोलणारे, त्यांच्यातली एक बाई द्या. गरीब असतात बिचाऱ्या. उलटून बोलत नाहीत."

अलाबामात व्हर्डेलच्या आईचा जन्म असल्यांचीच उष्टी काढण्यात गेला होता. पण इथे कुणाकडे कोणती बाई पाठवायची, हे आता व्हर्डेल ठरवायची.

"देते की," अंगावरची लापशी पुसत ती म्हणाली. "पण मग पुन्हा बदलून मिळणार नाही हं, साहेब."

"कोण मागतंय बदलून? शब्द आहे माझा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी होंडुरासच्या किनाऱ्यावरची डिल्सिया गोड हसत, स्पॅनिशमध्ये नमस्कार करत त्याच्या खोलीत शिरली. तिच्याशेजारी व्हर्डेलसुद्धा गोरी दिसत होती.

म्हाताऱ्याचा आ वासलेला तसाच राहिला. डिल्सियाने त्यात पहिला घास घातला.



"संध्याकाळी हिची बहीण येईल, साहेब," दारातून व्हर्डेल म्हणाली. "आणि रविवारी आई."