सुटा हात

धाकट्या मुलीला मुलगी झाली त्या वर्षी, एका सकाळी, सुताराची बायको गॅलरीत मध्येच थांबली आणि मनगटावरच्या घड्याळाला म्हणाली, "अरे, चालतेय ना मी. डोळे फुटले का तुझे?"

घड्याळ पुन्हा थरथरलं होतं. चालणं थांबलं आहे, असं त्यावर लिहून आलं होतं.

"त्याला डोळे कुठे आहेत," सुतार म्हणाला. "चल. भांडत बसलीस तर खरंच थांबशील."

ती उजव्या हाताने कठडा धरून चालायची. डावा हात सुताराच्या हातात. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून रोज सकाळी असंच. पहिल्या दिवशी शेजारीण दारात येऊन बघत राहिली, तेव्हा बायकोने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चारचौघांत हात धरून दोघं कधी चालले नव्हते. सुताराने काही हात सोडला नाही. "पडलीस तर शेजारीण उचलणार आहे का?" म्हणाला. आता तिला सवय झाली होती. त्याला तर अशी की, नंतर दिवसभर रंधा धरताना तो हात त्याला जरा वेगळाच वाटायचा.

घड्याळ त्या धाकटीनेच पाठवलेलं. आईने रोज अर्धा तास चालायचं, ते तिकडे मुलीच्या फोनवर दिसायचं, आणि महिनाभर दिसलं की मुलगी बाळाजवळ राहायला यायचं विमानाचं तिकीट काढणार, असं ठरलं होतं. तिच्या घरात आणखी एकच खाट मावत होती. त्यामुळे आईनेच जायचं, हे कुणी न बोलताच ठरलेलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकदा घड्याळाने विचारलं, नवीन अपडेट घ्यायचं का? सुताराने हो दाबलं. कुणी नीट विचारलं की त्याच्याने नाही म्हणवत नसे. तेव्हापासून घड्याळ शहाणं झालं. आधी ते सांगितलं की मुकाट्याने मोजायचं. आता कोण चालतंय नि कोण उभं आहे, हे ते स्वतःच ठरवू लागलं. बायको घामाघूम होऊन खुर्चीत बसायची, आणि मुलीकडे जेमतेम चार मिनिटं पोचायची.

उपाय सगळे करून झाले. पट्टा घट्ट केला. घड्याळ उजव्या हाताला बांधलं, पण तो हात कठड्यावर, तिथेही तीच गत. तिच्या घोट्याला बांधलं, तर घड्याळाने स्वतःला कुलूपच लावून घेतलं. शेवटी एका दाराच्या फळीला रंधा मारताना सुताराने ते आपल्याच मनगटावर चढवलं.

"होडी वल्हवताय का, असं विचारतंय," तो हसत हसत सांगायला आला. "हो म्हणू का? अर्धा तास आत्ता होऊन जाईल."

बायको हसली नाही. "मला माझ्या पायांनी जायचंय," ती म्हणाली. "द्या इकडे."

आज मात्र घड्याळ तिसऱ्यांदा थरथरलं, तेव्हा सुताराने गॅलरीतूनच मुलीला फोन लावला.

"बाबा, नव्या अपडेटनंतर हात हलल्याशिवाय ते चालणं धरतच नाही," मुलगी म्हणाली. मागे बाळ कुरकुरत होतं. "आईला म्हणावं, हात मोकळा सोड. पुढेमागे हलू दे."

"हात हलवला तर धरायचा कसा?"

"कुणी धरायचा?"

सुताराने आपल्या हातातल्या बायकोच्या हाताकडे बघितलं.

"धरून चालवता होय तिला? अहो बाबा, मग ती एकटी कधी चालणार? इथे माझे दोन्ही हात बाळात. तिला कोण धरणार?"

पलीकडे बाळ रडायला लागलं. बायकोने सुताराच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. मुलगी काहीतरी सांगत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. रडणं थांबेपर्यंत ती ऐकत राहिली. मग फोन त्याला परत दिला. दुसरा हात अजून त्याच्या हातातच होता.

"सोडा," ती म्हणाली.

"आज राहू दे. उद्यापासून बघू. फरशी ओली आहे."

"कुठे ओली आहे?"

सुताराने खाली बघितलं. फरशी कोरडी ठणठणीत होती.

"अहो, सोडा ना. मी काय पळून जातेय?"

सरस लावून दाबून धरलेला सांधा सोडावा, तसं त्याने एकेक बोट सैल केलं.

ती निघाली. डावा हात आधी अंगाला चिकटून होता. चार पावलांनी सुटला आणि पुढेमागे हलायला लागला. सुतार एक पाऊल मागे राहून चालला, आपला हात तसाच पुढे धरून.

शेजारीण दारात आली. "अगंबाई, आज एकट्याच?"

"घड्याळाला तसंच लागतं," बायको मागे न बघता म्हणाली.

घड्याळ एकदाही थरथरलं नाही. गॅलरीच्या टोकाशी जाऊन ती वळली. तिला धाप लागली होती, आणि तोंडभर हसू होतं. सुताराने पुढे धरलेला हात पटकन खाली घेतला.

"मोजलं?" त्याने विचारलं.

"सगळं मोजलं."

"बरं झालं," सुतार म्हणाला.

महिन्याभराने ती मुलीकडे गेली. नातीला पहिला दात आला त्या आठवड्यात सुतार वारला. बायको तेव्हा मुलीकडेच होती.